शंकरपाळी

गजकाच्या रिकाम्या डब्यातून त्याने तो आणला,
वर अंगपुसणं गुंडाळून.
"काकू, वजनावर घ्याल?"
शौर्यजित काळभोर. लष्करातल्या त्यांच्या गोठेत
आता एवढा एकच उरलाय,
बाकीचे पुण्याला, एक कॅनडात.

झाकणाचा मग. विलायती. पोट जरा पुढे आलेलं,
पेन्शनीत बसलेल्या माणसासारखं.
कान निखळायला टेकलेला.
"आजोबांची कवळी रात्री यात असायची," तो म्हणाला,
"त्याआधी काय असायचं, ठाऊक नाही."

दुकान सराफ्यात, पाटीवर
'रघुवीर पोतदार आणि पुत्र'.
पुत्र झाला नाही.
पाटी लग्नाच्या वर्षीच रंगवून घेतलेली,
पेंटरने अक्षरामागे पैसे लावले होते,
म्हणून पुसायचं दोघांच्याही जिवावर आलं.
हे गेले, आणि भिंग मी डोळ्याला लावलं.
सोळा वर्षं होतील माघात.

मग उपडा केला.
बुडाशी पाच ठसे, मुंगीच्या डोक्याएवढे.
चालता सिंह, एक पंजा उचललेला:
हजारात नऊशे पंचवीस, बाकी तांबं, लपवाछपवी नाही.
बिबट्याचं तोंड, म्हणजे लंडन.
एक सुटं अक्षर, म्हणजे साल.
आपण संवत्सराला नाव ठेवतो, ते अक्षर ठेवतात,
अक्षरं संपली की पुन्हा पहिल्यापासून,
फक्त वळण बदलून.
आणि राजाचं डोकं, कर भरल्याची पावती.

राजाला नाक नव्हतं.
दर दसऱ्याला चिंच, राख आणि एक अंगठा,
शंभर-सव्वाशे दसरे,
कुठला राजा टिकेल?
"घासायचं कोण?" मी विचारलं.
"होती एक बाई. तुळशा.
नाही, तुळशा नंतरची. तिच्या आधीची कोणीतरी."

पाचव्या ठशावर मी दिवा ओढला.
दोन अक्षरं, एम आणि डी,
भोवती चौकोन, पण कोपऱ्यावर उभा केलेला.
शंकरपाळी.
यांच्या जुन्या पुस्तकात लिहिलंय,
बहुतेक बायकांचा शिक्का असा असे,
नवऱ्यामागे भट्टी चालवणाऱ्यांचा.
नावांची यादी पुढच्या पानावर होती.
पुढचं पान वाळवीने नेलं.

मार्था असेल. मार्गारेट असेल.
मला मार्था बरी वाटते.
नवऱ्याचा ठसा ड्रॉवरात ठेवून
स्वतःचा करून घ्यायला गेली असेल कचेरीत,
कारकुनाने वर न बघता विचारलं असेल, कुणाच्या तर्फे?
काय म्हणाली असेल, ते बुडाशी नाही लिहिलेलं.

"मग, काकू? आजचा भाव काय आहे?"
भावाने गेला तर उद्या सकाळी मुशीत जाईल,
दुपारपर्यंत पैंजण होईल कुणाच्या तरी सुनेचं.
वाईट नाही तेही.
पण मी म्हटलं, विकू नकोस. कान जोडून देते.
"किती होतील?"
साडेतीनशे.
त्याने अंगपुसण्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.
"जोडा," म्हणाला.

डाक कमी घातला, आच बेताची,
जोड दिसू नये असाच जोडला.
आमच्या कामाचं तेच असतं,
चांगलं झालं तर ते झालंच नाही असं वाटतं.
यांचा र.पो. ठसा ड्रॉवरात आहे. हात गेला.
दुसऱ्याच्या मालावर मारू नये. नाही मारला.

पावती फाडली. वर छापलेलं रघुवीर, आणि पुत्र.
खाली मी वे. पो. लिहिलं,
आणि भोवती चार रेघा ओढल्या, तिरप्या.
एक कोपरा जुळला नाही.

शौर्यजितने पावती उजेडात धरली.
"काकू, हे काय? पतंग?"
हो, म्हटलं.
सांभाळून ने. आणि कवळी
दुसऱ्या कशाततरी ठेवायला सांग.
"आजोबा जाऊन सात वर्षं झाली, काकू."
तरी, म्हटलं.